डिमांड नोट हातात पडण्याआधी : कोल्हापुरात घर बांधताना विकास शुल्काचा हिशोब

गेल्या वर्षी आत्तेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला. बांधकाम परवान्याची डिमांड नोट, म्हणजे परवान्यासाठी किती पैसे भरायचे त्याचा मागणीचा कागद. खाली एकच ओळ : "एवढं कशाचं रं हे?" दीड गुंठ्याचा प्लॉट, वर साधं दुमजली घर. कर्जाचा पहिला हप्ता मिळायचा होता आणि त्याआधीच लाखभर रुपये सरकारजमा करायचे होते. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, "भरायचंच असतंय, सगळेच भरतात."

सगळे भरतात हे खरं. पण किती भरायचं हे कुणा साहेबांच्या मर्जीवर ठरत नाही, त्याचं गणित आहे. त्यात जागेचं क्षेत्र, बांधकामाचं क्षेत्र, रेडीरेकनरचा (सरकारी जमीनदर तक्त्याचा) दर आणि वापराचा प्रकार एवढ्या चार गोष्टी लागतात. चारही तुम्हाला घरबसल्या मिळतात, म्हणजे नोट येण्याआधीच आकडा वहीत मांडून ठेवता येतो. टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरून "कशाचे पैसे?" विचारणारे आम्ही कोल्हापूरकर, स्वतःच्या घराच्या चलनावर मात्र डोळे मिटून सही करतो, याचं मला नवल वाटतं.

हे पैसे नेमके कशाचे?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यात १९९२ मध्ये प्रकरण सहा-अ घातलं गेलं, कलम १२४-अ पासून पुढे. जमिनीचा विकास करणाऱ्याकडून, बांधकाम करणाऱ्याकडून किंवा वापर बदलणाऱ्याकडून नियोजन प्राधिकरणानं विकास शुल्क घ्यायचं, असं हे प्रकरण सांगतं. काही कागदांवर 'विकास आकार' लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. त्यामागचा विचार सरळ आहे. तुमचं घर उभं राहिलं की नळाला पाणी लागणार, सांडपाणी वाहून न्यायला गटार लागणार, दारात रस्ता आणि दिवा लागणार. कोल्हापुरात हे डोळ्यांनी दिसतं. काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाणारं सांडपाणी अडवायला कसबा बावड्यात दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं प्रक्रिया केंद्र उभारावं लागलं. नव्या प्रत्येक इमारतीचा भार शेवटी अशा कामांवर येऊन पडतो. म्हणून जमा झालेलं विकास शुल्क वेगळ्या खाती ठेवून हद्दीतल्या सार्वजनिक सुविधांवर खर्च करायचं, असं याच प्रकरणात म्हटलं आहे.

इथं एक घोटाळा टाळा. नातेवाईक गुजरातेत असतील तर 'इम्पॅक्ट फी' हा शब्द कानावर आला असेल. तिथं त्याचा अर्थ बेकायदा बांधकाम नियमित करून घेण्याची फी असा रूढ झाला आहे. आपलं विकास शुल्क तसं नाही, ते कायदेशीर बांधकामावरच आणि आधीच लागतं. अमेरिकेतली इम्पॅक्ट फी आपल्या विकास शुल्काच्या जास्त जवळची आहे. कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत एका माणसाला छोटं घर ठेवण्यासाठी वाहतुकीच्या नावाखाली २३,४२० डॉलर भरावे लागले. तो थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की फी कायदेमंडळानं ठरवलेली असली, तरी ती घरामुळे पडणाऱ्या भाराशी जुळते की नाही हे तपासायला लागेल. आपल्याकडे तसं भाराचं मोजमाप होत नाही. टक्केवारी कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि ती सगळ्यांना सारखी लागते. त्यामुळे "माझ्या घराचा एवढा भार पडत नाही" असा वाद काउंटरवर घालून उपयोग नाही. तुमची ताकद गणितातली चूक दाखवण्यात आहे.

पहिलं काम : तुमची जागा कुणाच्या हद्दीत आहे?

हे फालतू वाटतं, पण कोल्हापुरात अर्धा गोंधळ इथंच होतो. महापालिका १९७२ सालची. हद्दवाढीची मागणीही जवळजवळ तेवढीच जुनी. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडचा प्लॉट महापालिकेत आणि पलीकडचा प्राधिकरणात, असं उपनगरांच्या कडेला सर्रास दिसतं. पत्त्यात 'कोल्हापूर' लिहिलंय म्हणून महापालिका, असं धरून चालू नका. सातबारावर गाव कोणतं आहे ते बघा, किंवा मालमत्ता पत्रकावर वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) बघा. शहरात ए ते ई असे सिटी सर्व्हेचे वॉर्ड आहेत. 'ई वॉर्ड' म्हटलं की मामला शहरातला, हे लक्षात राहतं.

गावठाणातल्या घरांचा प्रकार अजून वेगळा. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडे जायची गरज नाही असं जाहीर केलं, तेव्हा खातं कागलच्या हसन मुश्रीफांकडे होतं, म्हणून इकडं ते जास्त गाजलं. लोकांनी त्याचा अर्थ 'पैसेच भरायचे नाहीत' असा काढला. तसं नव्हतं. परवानगीची पायरी कमी झाली, पण विकास शुल्क आणि कामगार उपकर भरल्याची पावती लागतेच. तुमचं गाव ४२ गावांत असेल आणि जागा गावठाणात असेल, तर ग्रामपंचायतीची पावती पुरेल की प्राधिकरणाकडे जायचं, हे दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन विचारा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

दुसरं काम : कागद जमवणं

मालमत्ता पत्रक किंवा सातबारा तीन महिन्यांच्या आतला. मोजणीचा 'क' नकाशा. शेजाऱ्याशी हद्दीवरून कधी बाचाबाची झाली असेल, तर मोजणी आधी करूनच घ्या. झोन दाखला आणि भाग नकाशा. मंजूर लेआउटमधला प्लॉट असेल तर लेआउटच्या मंजुरीचा आदेश.

आणि एक कागद असा, जो कुणी मागत नाही पण तुम्ही मागायचाच. तो म्हणजे लेआउट मंजुरीच्या वेळी भरलेल्या विकास शुल्काचं चलन. विकास शुल्काचे दोन भाग असतात, एक जमिनीचा आणि एक बांधकामाचा. लेआउट पाडताना मूळ मालकानं जमिनीचा भाग भरलेला असेल, तर तोच भाग तुमच्याकडून पुन्हा घ्यायचा नसतो. पण ते दाखवायला कागद लागतो. प्लॉट खरेदी करताना खरेदीखताबरोबर या चलनाची झेरॉक्स मागा. तेव्हा विकणारा हसतमुख असतो, दहा वर्षांनी फोनही उचलत नाही.

याच टप्प्यावर पूररेषा बघून घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर इथं घरोघरी आठवतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण प्लॉट निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराच्या) आत आहे की निळ्या आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये, हे खरेदीआधी फार थोडे बघतात. निळ्या रेषेच्या आत नवं घर उभं करायचं म्हटलं तर परवानगीच अडते, मग शुल्काचा हिशोब कशाला मांडायचा. उजळाईवाडीच्या बाजूला विमानतळाच्या उंचीच्या नियमाचंही तसंच. तिथं अडचण शुल्काची नसते, ना-हरकतीची असते.

तिसरं काम : रेडीरेकनरचा खरा दर शोधणं

वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपल्या भाषेत रेडीरेकनर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-एएसआर' नावानं मोफत बघता येतो. जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, मग गाव किंवा शहराचा भाग निवडा. सर्व्हे नंबर किंवा सि.स.नं. टाकला की मूल्य विभाग कळतो. पुढे रकाने असतात : खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकाने, औद्योगिक.

विकास शुल्काला खुल्या जमिनीचा दर लागतो, बांधकामाचा भाग काढतानासुद्धा. सदनिकेचा दर त्याच्या शेजारच्याच रकान्यात आणि बराच जास्त असतो, त्यामुळे चुकून तोच उचलला जातो. दुसरी चूक मूल्य विभागाची. मुख्य रस्त्याला लागून असलेल्या जागांचा विभाग वेगळा आणि आतल्या गल्लीतल्या जागांचा वेगळा असू शकतो. सर्व्हे नंबर एकच असला तरी.

आत्तेभावाच्या नोटेत हेच झालं होतं. त्याचा प्लॉट रस्त्यापासून तिसरा, आत. दर मात्र रस्त्याला लागून असलेल्या विभागाचा धरलेला. कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. यादीतली पहिली ओळ उचलली गेली, एवढंच.

तक्त्याचं पान प्रिंट करून ठेवा, वर वर्ष दिसलं पाहिजे. दर १ एप्रिलपासून बदलतात, कधी शासन तेच दर पुढे चालू ठेवतं. फाईल फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर मंजुरी कोणत्या वर्षात पडते त्यावर आकडा हलू शकतो. इंजिनिअर "एप्रिलमध्ये बघू" म्हणाला तर कारण विचारा.

चौथं काम : वही-पेन घेऊन बसणं

निवासी वापरासाठी जमिनीच्या भागाला रेडीरेकनरच्या खुल्या जमिनीच्या दराचा ०.५ टक्का आणि बांधकामाच्या भागाला २ टक्के. औद्योगिक वापराला याच्या दीडपट, व्यापारी वापराला दुप्पट. म्हणजे दुकानासाठी १ टक्का आणि ४ टक्के.

आत्तेभावाचाच प्लॉट घेऊ, दर फक्त सोयीसाठी गोल करतो. दीड गुंठा म्हणजे १५१.७५ चौ.मी. (एक गुंठा १०१.१७ चौ.मी.). खाली-वर मिळून बांधकाम १६० चौ.मी. खुल्या जमिनीचा दर चौ.मी.ला २०,००० रुपये धरू.

जमीन : २०,००० चा अर्धा टक्का म्हणजे १०० रुपये. १५१.७५ × १०० = १५,१७५ रुपये.

बांधकाम : २०,००० चे दोन टक्के म्हणजे ४०० रुपये. १६० × ४०० = ६४,००० रुपये.

एकूण ७९,१७५ रुपये.

आता चुकीच्या विभागाचा २६,००० दर घातला तर? जमिनीचा भाग १९,७२७ रुपये ५० पैसे, बांधकामाचा ८३,२००. एकूण १,०२,९२७ रुपये ५० पैसे. एका रकान्याची ओळ चुकली की २३,७५२ रुपयांचा फरक. एवढ्यात घराच्या सगळ्या खिडक्यांचं ग्रील बसलं असतं.

खाली एक गाळा काढायचा बेत असेल, समजा ४० चौ.मी., तर बांधकामाचा हिशोब दोन तुकड्यांत होतो. १२० चौ.मी. निवासी ४०० नं ४८,००० आणि ४० चौ.मी. व्यापारी ८०० नं ३२,०००. एकूण ८०,०००. जमिनीचा भाग निवासी-व्यापारी कसा विभागला हे नोटेत नेहमी स्पष्ट लिहिलेलं नसतं, ते विचारून घ्या. गाळा नकाशात 'पार्किंग' म्हणून दाखवून नंतर शटर बसवायची युक्ती आपल्याकडे फार चालते. मी तिच्या बाजूचा नाही. नैतिकतेपेक्षा हिशोबामुळे म्हणतो. भोगवटा प्रमाणपत्राच्या (घर वापरायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या) वेळी किंवा घरफाळ्याच्या मोजणीत ती सापडली की आधी वाचवलेले १६,००० व्याजासकट डोक्यावर बसतात.

जुन्या घरावर मजला चढवत असाल तर वाढीव क्षेत्राचाच हिशोब व्हायला हवा. त्यासाठी जुना परवाना आणि जुनं चलन जोडा. पेठेतल्या जुन्या घरांचे परवाने सापडत नाहीत, तिथं नगररचना विभागात नक्कल मागायचा अर्ज देऊन ठेवावा आणि धीर धरावा.

दीड गुंठ्याची एक गंमत सांगतो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरमध्ये लागू झाली. तिच्यात लहान प्लॉटसाठी सोपी वाट आहे. १५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला स्वतंत्र परवानगीची वाट बघावी लागत नाही, परवानाधारक इंजिनिअरमार्फत नकाशा आणि शुल्क भरल्याच्या पावत्या दाखल करायच्या. १५० ते ३०० चौ.मी.च्या प्लॉटला ठराविक दिवसांत परवानगी. दीड गुंठा भरतो १५१.७५. पावणेदोन चौ.मी.नं सोपी वाट चुकते! दीड गुंठ्याचे प्लॉट पाडायची आपली सवय तर गावोगावची. मोजणीत तुमची जागा १५० च्या आत बसत असेल, तर मोजणी नकाशावरचाच आकडा वापरा, खरेदीखतातला गोल आकडा नको. आणि या सोप्या वाटेत शुल्क तुम्हीच काढून भरायचं असतं, म्हणजे वरचं गणित टाळता येणार नाही. कमी भरलं तर पुढे फरक मागतात.

कामगार उपकर : बदललेली मर्यादा

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर, १९९६ च्या कायद्यापासून. त्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला १० लाखांपर्यंतच्या खर्चाला सूट होती. आजच्या सिमेंट-सळीच्या भावात १० लाखांत घर कुठलं, त्यामुळे ती सूट कागदावरच उरली होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वतःच्या राहत्या घरासाठी ही मर्यादा ५० लाख आहे आणि संहिता २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आहे.

आपल्या उदाहरणात बांधकाम खर्च चौ.मी.ला २५,००० धरला तर १६० चौ.मी.चे ४० लाख. उपकर ४०,००० रुपये. संहितेच्या मर्यादेत हे घर बसतं, म्हणून नोटेत ही ओळ आली असेल तर 'स्वतःच्या राहत्या वापरासाठी' असं स्वयंघोषणापत्र जोडून कोणत्या तरतुदीनं आकारणी केली, असं लेखी विचारा. तोंडी विचारलं तर "सिस्टीममध्येच येतंय" असं उत्तर मिळतं. गाळा असेल तर 'राहतं घर' हा मुद्दा लंगडा पडतो, तेवढं ध्यानात ठेवा.

बाकीच्या ओळी

छाननी फी, सुरक्षा ठेव, झाडं लावण्याची ठेव, राडारोड्याची रक्कम, पुढे नळजोडणी, ड्रेनेज जोडणी आणि त्यासाठी रस्ता खोदाईचे पैसे. हे सगळं विकास शुल्कात येत नाही. काही रकमा परत मिळणाऱ्या असतात आणि काही नाहीत. डिमांड नोटेवर प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं 'परत' किंवा 'गेले' लिहून ठेवा. पुढे उपयोग होतो.

शेतजमिनीवरचा प्लॉट असेल तर महसुलाच्या बाजूनं काही भरायचं निघतं का आणि ते कुठं भरायचं, हे तहसीलकडे विचारून घ्या. 

प्रीमियम : हौसेला किती मोल

हा भाग बिल्डरांना पाठ असतो, एकट्या-दुकट्या घरमालकाला क्वचित लागतो. पण भावकीत वाटणी करून तीन मजले काढायचे म्हटलं की लागतोच.

दाटवस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१. म्हणजे ३०० चौ.मी.च्या प्लॉटवर ३३० चौ.मी. रस्ता ९ मीटर किंवा जास्त रुंद असेल, तर पैसे भरून आणखी ०.५ घेता येतो. त्याचा दर रेडीरेकनरच्या जमीन दराच्या ३५ टक्के. आपलाच २०,००० चा दर घेतला तर चौ.मी.ला ७,००० रुपये. ३०० च्या प्लॉटवर ०.५ म्हणजे १५० चौ.मी., त्याचे साडेदहा लाख. त्या वाढीव १५० चौ.मी.वर बांधकामाचं विकास शुल्क वेगळं, आणखी ६०,०००. शिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनी यांसाठी निवासी इमारतीला प्रस्तावित एफएसआयच्या (नकाशात वापरायचा दाखवलेल्या) ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं, व्यापारीला ८० टक्के, तेही पैसे भरून.

रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. उपनगरातल्या जुन्या लेआउटमध्ये सहा मीटरचे रस्ते भरपूर आहेत, म्हणून तिसऱ्या मजल्याचा विचार करण्याआधी टेप घेऊन रस्ता मोजा. मोजलेली रुंदी आणि नकाशावरची रुंदी जुळत नसेल, तर कोणती धरणार हे आधी लेखी विचारा. मोठ्या रकमांना हप्त्यांची सोय असते, व्याज धरून. आणि हा प्रीमियम अर्धा शासनाकडे जातो, अर्धा स्थानिक प्राधिकरणाकडे राहतो. म्हणून त्याबाबत महापालिकेशी घासाघीस करून काही साधत नाही.

पेठांच्या दाटवस्तीत मूळ एफएसआयचे नियम वेगळे आणि जरा सैल आहेत. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या लोकांनी वरचं १.१ चं गणित आपल्या घराला लावू नये.

डिमांड नोट आली, आता?

ऑनलाइन प्रणालीत नोट तुमच्या इंजिनिअरच्या लॉगिनला येते. तो तुम्हाला एकूण रक्कम फोनवर सांगतो आणि "आज भरा, फाईल पुढं सरकंल" म्हणतो. त्याच्याकडून नोटेचं पूर्ण पान मागवा. तपासायच्या चारच गोष्टी : क्षेत्र मोजणी नकाशाशी जुळतं का, बांधकाम क्षेत्र मंजूर नकाशाशी जुळतं का, दर तुमच्या प्रिंटशी जुळतो का, वापर बरोबर आहे का.

फरक दिसला तर भरण्याआधी अर्ज द्या. अर्ज लांबलचक नको. आत्तेभावानं दिलेला अर्ज पाच ओळींचा होता : फाईल क्रमांक, नोटेतला दर, ई-एएसआरमधला दर, प्लॉट रस्त्याला लागून नसल्याचं दाखवणारा भाग नकाशा सोबत जोडल्याचा उल्लेख, आणि "सुधारित डिमांड नोट मिळावी". कार्यालयाचं नाव मी घेत नाही. तिथल्या बाईंनी संगणकावर विभाग पुन्हा उघडला, नकाशा बघितला आणि म्हणाल्या, "खरंय तुमचं, पण साहेब आले की." साहेब चौथ्या दिवशी आले. वरच्या गोल दराच्या हिशोबानं सुधारित नोट ७९,१७५ ची झाली.

जमिनीच्या भागाचे १५,१७५ मात्र त्याला भरावे लागले. लेआउट मंजूर होता, तेव्हा जमिनीचं शुल्क भरलं गेलं असणार याची आम्हाला खात्री होती. पण मूळ मालक वारलेला, मुलगा पुण्यात, चलन कुणाकडेच नाही. माहिती अधिकारात जुन्या लेआउट फाईलची नक्कल मागितली, ती यायला महिना. कर्जाची मुदत, पावसाळा तोंडावर, सेंट्रिंगवाला ठरलेला. त्यानं भरले. नक्कल नंतर आली, तिच्यात चलन होतं. आता परताव्याचा अर्ज चालू आहे.

वाद असला आणि थांबणं परवडत नसेल, तर 'हरकतीसह भरणा' असं अर्जात लिहून भरा आणि पोच ठेवा. त्याखेरीज नंतर मागणं फार अवघड. भरणा शक्यतो ऑनलाइन किंवा डीडीनं करा. रोख कुणाच्या हातात देऊ नका, स्वतःच्या इंजिनिअरच्यासुद्धा. तो चांगला असला तरी.

गुंठेवारीतल्या प्लॉटधारकांसाठी

कोल्हापूरच्या कडेला गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनी पुष्कळ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची संधी मिळाली. यात विकास शुल्काबरोबर प्रशमन शुल्कही (नियमबाह्य गोष्ट नियमित करण्याचे पैसे) भरायचं असतं. आधी नियमितीकरण, मग बांधकामाचा परवाना, हा क्रम उलटा करता येत नाही. स्टॅम्पवरच्या करारावर आणि शेजाऱ्याच्या भरवशावर घर उभं केलं तर पुढे नोटीस, आणि घरफाळ्यात अनधिकृत बांधकामाची शास्ती. भरलेला घरफाळा म्हणजे घर कायदेशीर झाल्याचा पुरावा, हा समज मला प्रत्येक चौकात भेटतो. तो पुरावा नाही.

परवाना मिळाल्यावर

परवाना वर्षभराचा असतो, पुढे तीन वर्षांपर्यंत वाढवून घेता येतो. पैसे अडले म्हणून काम थांबलं तर मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. संपल्यावर नव्या दरानं पुन्हा सगळं मोजायची वेळ येऊ शकते. जोता पूर्ण झाला की जोता तपासणी करून घ्या. स्लॅब पडल्यावर मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) कमी निघालं तर काही उरत नाही. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहायला जायची घाई सगळेच करतात, मुहूर्त असतो, मला कळतं. पण ठेव परत मिळण्याची वाट भोगवट्यावरूनच जाते.

आत्तेभावाची सुरक्षा ठेव आणि झाडाची ठेव अजून अडकलेली आहे. झाडं लावलीत, एक आंबा आणि एक कडुलिंब. कडुलिंबाचा फोटो तारखेसह अर्जाला जोडला. आंबा गेल्या मे महिन्यात वाळला, त्याच्या जागी चिक्कू लावला आणि नवा फोटो काढून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात तो आणि मी भोगवट्याची प्रत, मूळ पावती आणि रद्द केलेला चेक घेऊन जाणार आहोत.